पंधरवड्यासाठी आलेले सोळा पाहुणे

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत एकच दिवा लागलेला आणि त्याखाली वाटणीकाकू आकडे वाचत बसलेल्या. एका पडद्यावर अकरा इमारतींचे क्रमांक. दुसऱ्यावर एक अर्ज, तळाशी सहीची जागा रिकामी. दुपारी दोन वाजता इमारत क्रमांक चारची वीज सहा तासांसाठी बंद व्हायची होती. तिथलं मुख्य पॅनेल जुनं झालं होतं, नवं बसवायचं होतं. 'बंद केलं तर चालेल' एवढं काकूंनी बाराच्या आत लिहून द्यायचं होतं.

वय सत्तेचाळीस, कंपनीत एकोणिसावं वर्ष. कंपनी एकशे नव्वद रुग्णालयांचे एक्स-रे, स्कॅन आणि तपासण्यांचे अहवाल सांभाळते. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असतात. रुग्णालय हजार खाटांचं असो की दोन खोल्यांचं, पळसाला पानं तीनच, असं काकू नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगतात. त्या तीन प्रती अकरांपैकी कुठल्या तीन इमारतींत ठेवायच्या, हे ठरवणारे नियम काकू लिहितात. म्हणून वाटणीकाकू. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नाही, पण पगाराच्या कागदावरचं नाव विचारलं तर निम्मं ऑफिस गप्प बसेल.

काम ऐकायला सोपं आहे. डॉक्टरला फाइल पटकन हवी, म्हणून प्रत जवळ पाहिजे. आग, पाणी, वीज यांचा भरवसा नाही, म्हणून प्रती एकमेकींपासून लांब पाहिजेत. काकूंच्या भाषेत, सख्ख्या भावांसारखं: हाकेच्या अंतरावर असावेत, पण एका छपराखाली नसावेत. त्यांचा नियम असा की दोन प्रती जवळच्या दोन वेगळ्या इमारतींत आणि तिसरी डोंगरापलीकडे, नऊ नंबरमध्ये. पुढचं सगळं सॉफ्टवेअर करतं. पण सॉफ्टवेअरला डोळे नसतात. कुठला रॅक, म्हणजे यंत्रांचं उभं कपाट, कुठे उभा आहे हे त्याला रॅकच्या लेबलवरून कळतं. लेबल म्हणतं सात, म्हणजे सात. आणि ही लेबलं काकूंच्या सहीनेच लागतात.

वीज बंद करायच्या आधी काकूंची एक सवय आहे. नियमांच्या पुस्तकात ती नाही. बंद होणाऱ्या इमारतीतून बाकीच्या इमारतींतल्या यंत्रांना एकेक हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागतो ते टिपायचं. ऑफिसात याला काकूंची हजेरी म्हणतात. एरवी दर इमारतीतल्या एका यंत्राला हाक मारून भागतं. आज अख्खी इमारत झोपायची होती म्हणून त्यांनी एकेका रॅकला हाक मारली.

चारपासून सात नंबरपर्यंत जमिनीखालून साठ किलोमीटर केबल आहे. प्रकाशालासुद्धा तेवढं जाऊन यायला वेळ लागतो. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले सहाशे. सातच्या बहुतेक रॅकनी सहाशे तीस, सहाशे चाळीसला ओ दिली. सोळा रॅकनी नव्वदला दिली.

काकूंनी आधी घड्याळावर संशय घेतला. घड्याळ तपासलं, बरोबर होतं. पुन्हा हाक मारली. नव्वद. तिसऱ्यांदा मारली. अठ्ठ्याऐंशी. घाई केली म्हणून प्रकाश काही लवकर पोचत नाही. नव्वद तुकड्यांत जो ओ देतो तो साठ किलोमीटरवर नसतो. तो शेजारच्या रांगेत असतो.

साडेसातला त्यांनी चार नंबरच्या मामांना फोन लावला. मामा म्हणजे त्या इमारतीचे व्यवस्थापक. कुलपं, पंखे, गार हवेची यंत्रं, सगळं त्यांच्या अखत्यारीत.

"मामा, झोपमोड केली का?"

"झोप कसली! पॅनेलवाले सहापासून दारात क्रेन लावून बसलेत. बोला."

"तुमच्याकडे सात नंबरचं काही आहे का हो?"

"पाहुणे ना? आहेत की. सोळा."

"पाहुणे म्हणजे?"

"अहो, सातचं छत गळायला लागलं होतं तेव्हा ट्रकमधून आले ते. पंधरा दिवसांसाठी. तेव्हापासून मी पाहुणेच म्हणतो त्यांना. मागच्या दाराशी, गार हवेच्या झोतात बसवलेत. मजेत आहेत."

"मामा, दोन वर्षं होऊन गेली."

"काही पाहुणे असतात असे, काकू. बघता बघता घरजावई होतात."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमच्या ऑफिसातून दर महिन्याला कागद येतो, 'चारचे सगळे रॅक चालू आहेत का?' चारचे चालू होते. पाहुण्यांबद्दल कुणी विचारलंच नाही."

मामांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. विचारलं तेवढ्याचं उत्तर ते दर महिन्याला देत आले होते.

फोन ठेवून काकूंनी जुन्या नोंदी उघडल्या. दोन वर्षं आणि दोन महिन्यांपूर्वीचा कागद सापडला. 'सोळा रॅक तात्पुरते चारमध्ये. दोन आठवड्यांनी परत. तोवर लेबल सातच ठेवावं.' खाली सही होती. सही त्यांचीच होती.

तेव्हाचं कारणही त्यांना आठवलं आणि ते चुकीचं नव्हतं. लेबल बदललं की सॉफ्टवेअरला वाटतं, एका इमारतीत दोन दोन प्रती झाल्या. आणि ते घाबरून सगळ्याच फायली नव्याने इकडून तिकडे हलवायला लागतं. सोळा रॅकसाठी तीन दिवस इमारतींना जोडणारं अख्खं जाळं तुंबलं असतं. पंधरा दिवसांच्या मुक्कामासाठी एवढा खटाटोप म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून लेबल तसंच ठेवलं. चूक त्याच्या पुढच्या रकान्यात होती. 'परतीची तारीख' या ठिकाणी काकूंनी लिहिलं होतं, 'छत झाल्यावर'. छत तीन महिन्यांनी झालं. तोवर सातमधल्या त्या रिकाम्या जागेत नवे रॅक येऊन बसले होते. रकान्यात तारीख नव्हती, त्यामुळे आठवण करून देणारी चिठ्ठीही कधी निघाली नाही.

म्हणजे दोन वर्षं सॉफ्टवेअर एक प्रत चारमध्ये ठेवत होतं, दुसरी 'सात'मध्ये, आणि त्यातल्या सव्वीस लाख फायलींच्या त्या दोन्ही प्रती प्रत्यक्षात एकाच भिंतीच्या आत होत्या. तिसरी डोंगरापलीकडे होती म्हणून एरवी निभावलं असतं. पण नऊ नंबरमध्ये गेला आठवडाभर जुन्या डिस्क काढून नव्या बसवत होते. तिथल्या काही प्रती पुन्हा तयार व्हायच्या बाकी होत्या. काकूंनी दोन याद्या ताडून पाहिल्या. नऊमध्ये प्रत नाही आणि उरलेल्या दोन्ही चारमध्ये, अशा फायली एक्केचाळीस हजार तीनशे.

दोनला वीज गेली की या फायली सहा तास कुणालाच दिसणार नव्हत्या. एखाद्या डॉक्टरला नव्या स्कॅनशेजारी मागच्या वर्षीचा ठेवून बघायचा असेल, तर शेजारची जागा रिकामी राहणार होती. त्याहून वाईट म्हणजे, वर्षानुवर्षं अखंड फिरत आलेल्या डिस्क एकदा थांबल्या की सगळ्याच पुन्हा फिरत नाहीत. शंभरात तीन तरी नाहीत.

सव्वानऊ झाले होते. काकूंनी कागदावर हिशोब मांडला. बाकी सगळं काम बाजूला ठेवून या फायली आधी घेतल्या तर तिसरी प्रत व्हायला नऊ तास लागतील. दहाला सुरू केलं तर दोनपर्यंत अठरा हजार होतील. उरतील तेवीस हजार. त्यातल्या एखादीच्या दोन्ही प्रती न उठणाऱ्या डिस्कवर असण्याची शक्यता काढली. उत्तर आलं, वीसच्या आसपास. वीस फायली. कदाचित एकही नाही.

आणि हे या घडीला फक्त त्यांना माहीत होतं. गुपचूप प्रती सुरू करायच्या, अर्जावर 'चालेल' लिहायचं, पुढच्या महिन्यात पाहुण्यांची लेबलं हळूच नीट करायची. वीस फायली गेल्याच तर जुन्या डिस्कच्या नावावर जातील. जुन्या डिस्क बदनामच असतात. काकूंच्या लेबलाला ऑफिसात काळ्या दगडावरची रेघ म्हणत. ती रेघ तशीच राहिली असती.

साडेनऊला नवऱ्याचा फोन आला. तो घरीच मागच्या खोलीत कवळ्या बनवतो आणि काम सुरू करण्याआधी एकदा फोन करतो. पलीकडे घासायचं चाक फिरत होतं.

"आवाज असा का गं?"

"एक जुनी चूक सापडली. माझी."

"कुणाला सापडली?"

"मलाच. अजून तरी."

चाक थांबलं. "मोठी आहे?"

"वीस फायलींएवढी. कदाचित काहीच नाही."

"आपलेच दात, आपलेच ओठ," तो म्हणाला. "माझ्या धंद्यात ही म्हण वापरू नये खरं तर."

"अहो, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. माझं माप चुकलं तर पेशंट दुसऱ्या दिवशी कवळी हातात घेऊन दारात उभा राहतो, आणि जे बोलायचं ते बोलून जातो. मोकळा होतो मी. तुझ्या दारात कोणी येणार नाही." मग तो म्हणाला, "डबा वेळेवर खा," आणि चाक पुन्हा सुरू झालं.

अर्जावर दोन चौकोन असतात. एकोणीस वर्षांत काकूंनी दुसरा चौकोन चारदा वापरला होता. पाचव्यांदा त्यांनी 'चालणार नाही'वर खूण केली. कारणाच्या जागी लिहिलं: 'सोळा रॅकची लेबलं चुकीची आहेत. ती तशी ठेवायला मी सांगितलं होतं. जुना कागद सोबत जोडला आहे.' नऊ चाळीसला अर्ज पाठवला आणि पाठोपाठ स्वतः मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान आणि हुद्द्याने दोन पायऱ्या वर.

"काकू, हे वाचता वाचता माझा चहा गार झाला."

"दुसरा मागवू का?"

"नको. बसा. सही तुमचीच आहे?"

"हो."

"चार तासांत निम्म्या होतील ना?"

"होतील. उरलेल्या तेवीस हजार सहा तास दिसणार नाहीत. त्यातल्या वीसेक नंतरही नाहीत. कदाचित."

"कदाचित वीस की कदाचित शून्य?"

"दोन्ही."

मॅडमनी गार चहाचा एक घोट घेतला. "तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं असतं?"

"नाही."

"हं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." त्यांनी कप बाजूला सरकवला. "प्रती सुरू करा. आणि त्या पॅनेलवाल्याला तुम्हीच जाऊन सांगा. चार महिन्यांनी तारीख मिळाली आहे त्याची. मी काही त्याच्यापुढे उभी राहणार नाही."

दहा वाजून पाच मिनिटांनी प्रती सुरू झाल्या. सव्वादहाला काकू टॅक्सीत बसल्या.

इमारत क्रमांक चारला खिडक्या नाहीत. शहराच्या कडेला, गोदामांच्या रांगेत, बाहेरून तीही एक गोदामच. दारात क्रेन, ट्रकवर ताडपत्रीखाली नवं पॅनेल, केबलच्या रिकाम्या रिळांवर आठ माणसं पाय सोडून बसलेली. पॅनेलवाले म्हणजे त्यांचे कंत्राटदार. आडव्या बांध्याचे, कानावर पेन्सिल. काकूंचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग मान हलवली.

"बाई, वीज कंपनीची परवानगी आजची आणि उद्याची आहे. उद्याचा दिवस अडचणीसाठी राखून ठेवलाय."

"ही अडचणच आहे."

"ही तुमची अडचण. राखीव दिवस माझ्या अडचणीसाठी असतो."

"उद्या केलंत तर तुमचं काय बिघडेल?"

"उद्या मेव्हण्याचं घर हलवायचंय. हीच माणसं, हाच ट्रक. बायकोला शब्द दिलाय. बाई, वीज कंपनीला मी तोंड देऊ शकतो."

मामा दारातच उभे होते. "मेव्हण्याला सांगा, आमच्याकडे पाहुणे आलेत."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," पॅनेलवाले पुटपुटले. मग म्हणाले, "दाखवा तरी तुमचे पाहुणे."

तिघं आत गेले. आत इतका घरघराट की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मागच्या दाराजवळ सोळा रॅक दोन रांगांत उभे होते. बाकीच्यांपेक्षा रंग थोडा उजळ, आणि प्रत्येकावर ठसठशीत पट्टी: सात.

"काय आहे यांच्यात?"

"फोटो. हाडांचे, फुप्फुसांचे, डोक्यांचे."

"माझ्या गुडघ्याचा असेल?"

"कुठे काढला होता?"

त्यांनी आठवून पाहिलं. "ते बायकोला माहीत." मग पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे यांना स्वतःलाच कळत नाही आपण कुठे आहोत ते?"

"नाही. जे चिकटवलंय तेच खरं."

"आमच्यात वायरवर चुकीची पट्टी लागली तर माणूस जातो, बाई. ही कुणी लावली?"

"मी. काढायला विसरले, तेही मीच."

पॅनेलवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी 'वरून सांगितलं', 'आधीच्या माणसाने केलं', 'सिस्टिमने केलं' ही उत्तरं ऐकली होती. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, हातातल्या कागदावरची तारीख खोडली आणि उद्याची लिहिली.

"दहा वाजता. त्याआधी नाही, माणसं येत नाहीत. आणि मेव्हण्याशी तुम्ही बोलायचं."

बाहेर येऊन काकूंनी खरोखरच फोन केला. चार मिनिटं बोलल्या. मेव्हण्याने सगळं ऐकून घेतलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं हो. इथे अजून भांडीसुद्धा बांधली नाहीत. भावजींना मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

हे ऐकून पॅनेलवाल्यांचा चेहरा जो पडला, तो काम पुढे गेल्यावरही पडला नव्हता. "चार दिवस झाले, रोज विचारतोय त्याला, तयारी झाली का म्हणून. रोज हो म्हणतो!"

दोन वाजले तेव्हा काहीच झालं नाही. काकू तोवर आपल्या टेबलाशी परतल्या होत्या. पडद्यावर आकडा होता सतरा हजार नऊशे, म्हणजे त्यांच्या अंदाजाहून थोडा मागेच. चार वाजल्यानंतर रुग्णालयांची गर्दी वाढली आणि वेग आणखी उतरला. काकूंनी डबा पावणेचारला खाल्ला.

पाच वाजता मॅडमनी पाचसहा जणांना बोलावलं. बैठक बारा मिनिटं चालली. काकूंना कोणी बोललं नाही, आणि कोणी सावरूनही घेतलं नाही. दोन गोष्टी ठरल्या. परतीची तारीख रिकामी असेल तर कागद पुढे सरकणार नाही. आणि यापुढे लेबलावर काकूंची एकटीची सही चालणार नाही; दुसरी लागेल. एकोणीस वर्षांत त्यांच्याकडे जे एक काम फक्त त्यांचं म्हणून होतं, ते तेवढं राहिलं नाही.

"काकू, आता तुमच्या सहीचीही दुसरी प्रत," जाळं सांभाळणारा एक जण म्हणाला. दोघे हसले, मग मॅडमकडे बघून थांबले.

"दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत असू द्या," काकू म्हणाल्या. "खरंच सांगते. या मजल्यावर बसणाऱ्या कुणाचीही सही घेतली तरी तो लेबलच बघणार, मी बघत होते तसं. मामांची घ्या. ते रॅक बघतात."

"मामा इंजिनिअर नाहीत," कोणीतरी म्हणालं.

"सोळाचे सोळा त्यांना माहीत होते," काकू म्हणाल्या.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मामांना फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सही इंग्रजीत करू की मराठीत?" मग थोड्या वेळाने त्यांनीच उलट फोन केला. सही करायची तर आधी मोजावं लागेल, म्हणाले. तोंडी आकड्यावर ते सही करत नाहीत, भाजीच्या पावतीवरसुद्धा नाही.

संध्याकाळी सात वाजून चोवीस मिनिटांनी एक्केचाळीस हजार तीनशेवी प्रत नऊ नंबरमध्ये पोचली. काकूंनी त्यातल्या शंभर फायली कुठेही बोट ठेवून उघडून पाहिल्या. शंभरही उघडल्या. अर्ज पुन्हा समोर घेतला, तारीख बदलली, या वेळी पहिल्या चौकोनावर खूण केली आणि आपल्या सहीशेजारची नवी जागा मोकळी ठेवली. पाहुण्यांची लेबलं एकदम बदलता येणार नव्हती, जाळं तुंबलं असतं. दिवसाला एक रॅक, असे सोळा दिवस लागतील. परतीच्या तारखेच्या रकान्यात त्यांनी सोळाव्या दिवसाची तारीख घातली.

उद्या सकाळी साडेसातला त्या आणि मामा चार नंबरमधले रॅक हाताने मोजतील. वहीत एकशे शहाण्णव आहेत, मोजणीत दोनशे बारा भरायला हवेत. भरले तर मामा सही करतील, आणि दहा वाजता वीज बंद होईल.